दोन इंजिनांतलं एक

गिरीज, रविवार, ३ ऑगस्ट १९५२

प्रिय डॉमनिक,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र बाजूला टाकू नकोस. कोणी मेलेलं नाही. मरायला या घरात आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि मी अजून शाळेतल्या पन्नास पोरांना दटावण्याइतकी धडधाकट आहे. कामाचं पत्र आहे. तुझी परवानगी हवी म्हणून लिहिते.

या पावसात माळ्यावर गळती लागली. मोठी ट्रंक खाली काढली, तर आयच्या लुगड्यांखाली आपल्या गाड्या निघाल्या. बाबा वांद्र्याच्या ज्या साहेबाकडे केळी पोचवायचे, तो विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या मडमेने दिलेल्या. चावीची दोन पत्र्याची इंजिनं, चार डबे आणि गोल जोडायचे रूळ. लाल इंजिन तुझ्याहून मोठ्या एडवर्डला, हिरवं तुला. तू पाच वर्षांचा होतास आणि पुढे आठवडाभर ते मांडीवर घेऊन जेवत होतास. मला काही मिळालं नाही. मी चौदा वर्षांची घोडी झाले होते ना!

लाल इंजिनाचा रंग अजून चांगला आहे, पण चावीने पिळायची आतली कमान तुटलेली. तुझ्या हिरव्याची कमान शाबूत आहे, पण एक बाजू चेपलेली आणि दोन चाकं मोडलेली. ती कशी मोडली ते तुला आठवतच असेल. त्या नाताळच्या सकाळी तूच ते ओट्याच्या दगडावर आपटलंस. मी तेव्हा आत कढईत पिठाचे फुगे तळत होते, नुसता आवाज ऐकला.

दोन्ही घेऊन पापडीच्या बाजारात काशीरामकडे गेले. हा अर्नाळ्याचा, मुंबईला घड्याळं दुरुस्त करायला शिकून आला आहे. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि मला अर्धा तास स्टुलावर बसवून ठेवलं. मग म्हणाला, "बाई, एकाची कमान गेली, दुसऱ्याची चाकं गेली. दोनांचा एक चालू करून देतो. दोन्ही चालू करायला सामान मुंबईत पन मिलनार नाय."

कुठलं चालू करायचं, असं मी विचारलं. तो म्हणाला लाल. हिरव्याची कमान काढून लालमध्ये बसवायची, सोपं काम आहे. हिरव्याचा मग नुसता पत्रा उरेल.

तर विचारायचं ते हेच. तुझ्या इंजिनाची कमान काढून एडवर्डचं इंजिन चालू करू का? एडवर्ड जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्याला विचारता येत नाही. तुला येतं. शिवाय तू खरगपूरला रेल्वेच्या कारखान्यात खऱ्या इंजिनांची पोटं फाडतोस, तेव्हा तुझं मत काशीरामपेक्षा मोठं.

वाडीतली केळी बरी आहेत. मीही बरी आहे.

तुझी बहीण
मटिल्डा

&nbsp;

गिरीज, रविवार, १४ सप्टेंबर १९५२

प्रिय डॉमनिक,

सहा आठवडे झाले. टपाल हरवलं असेल असं मी पहिले तीन आठवडे धरून चालले. आता तसं म्हणवत नाही.

काशीराम निरोपावर निरोप पाठवतो आहे. त्याच्या टेबलावर आपल्या दोन्ही गाड्या उघड्या पडल्यात आणि गिऱ्हाईकं त्यांनाच हात लावतात म्हणे. परवा शाळा सुटल्यावर गेले. त्याने लाल इंजिनाचं पोट मला दाखवलं. आत दातेरी चाकांवर पिवळट मेणासारखं काहीतरी चिकटलं होतं. त्याने सुईच्या टोकावर घेऊन माझ्या नाकाशी धरलं.

"वास घ्या. खोबरेल तेल हाय. कोनी घातला ह्या?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"यंत्राला कोन खोबरेल घालते? थंडीत गोठते ना ते! गोठला म्हनून चाक फिरेना, आनि चाक फिरेना म्हनून कोनीतरी चावी जास्त पिळली, आनि कमान गेली." हे सगळं त्याने दुकानात बसलेल्या दोन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. दोघंही हसली. वसईच्या माणसाला डोक्याला, जखमेला, दिव्याला आणि बिजागरीला एकच तेल माहीत, असं त्यातला एक म्हणाला.

कोणी घातलं असेल देव जाणे. इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट.

दुसरं लिहिण्यासारखं फार काही नाही. रविवारी मिस्सा झाल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर लोक घोळका करून बोलत उभे राहतात, ते मला आवडतं. मी शेवटपर्यंत थांबते. शेजारच्या ग्रेसीमावशीने मागे एकदा सुनेला म्हटलं, मास्तरीणबाईला घरी जायची कधी घाई नसते. मला ऐकू आलं. खोटं काय त्यात? घरी जाऊन कुलूप काढायचं, ते उघडल्याचा आवाज आपणच ऐकायचा. आय गेल्यापासून मी नाताळचा गोठाही मांडलेला नाही. एकटीने बाळ येशू कोणाला दाखवायचा?

या वर्षी मांडावा म्हणते. गाडी चालू झाली तर मांडीन. म्हणून लवकर कळव. एक ओळ पुरे.

मटिल्डा

&nbsp;

गिरीज, रविवार, ५ ऑक्टोबर १९५२

डॉमनिक,

तुझं कार्ड मिळालं. "गाड्या फेकून दे. मला पुन्हा त्याबद्दल लिहू नकोस." तीन वर्षांत हाताने लिहिलेली एवढीच दोन वाक्यं. दर नाताळला येतं त्या छापील कार्डावर तर नुसती सही असते.

आधी मला राग आला. कार्ड फळीवर उलटं ठेवलं आणि दोन दिवस तिकडे पाहिलं नाही. शाळेत एका मुलीला उगाच मारलं. मारल्यावर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी खडू खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. तिने काही केलंच नव्हतं, डॉमनिक. शाई तिच्या शेजारणीने सांडली होती.

आता जे लिहिते ते सरळ लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा जमणार नाही.

तेल मी घातलं होतं.

एडवर्ड विषमज्वराने गेल्यावर आयने नियम केला, तुला ठाऊक आहे. तुझं हिरवं इंजिन ट्रंकेत गेलं. गोठ्याभोवती फक्त एडवर्डचं लाल इंजिन फिरायचं, वर्षातून एकदा, नाताळच्या सकाळी, मिस्सेहून आलेल्या सगळ्या आळीसमोर. चावी बाबांनी द्यायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. तू चार वर्षं रूळ जोडून द्यायचास आणि बाजूला उभा राहायचास. ते पाहून मला वाईट वाटायचं, पण आयला बोलायची माझी छाती नव्हती.

त्या वर्षी, म्हणजे सदतीस साली, आदल्या दिवशी दुपारी आय आणि बाबा बाजारात गेले होते. मी गाडी काढली. मला ती चालताना ऐकायची होती. एडवर्ड ती चालवायचा तेव्हा तोंडाने शिट्टी द्यायचा. त्याचा आवाज मी विसरत चालले होते आणि मला वाटलं, गाडीचा आवाज ऐकला तर तो आठवेल. मी चावी दिली. चाकं कुरकुरली. आय उद्या म्हणेल, कोणी हात लावला? म्हणून मी डोक्याला लावायच्या बाटलीतलं तेल घातलं. दुपारच्या उन्हात गाडी लोण्यासारखी फिरली. मी ती आठ-दहा वेळा फिरवली आणि जागेवर ठेवली.

थंडीत दर सकाळी ती बाटली चुलीशेजारी ठेवून तेल पातळ करणारी मीच होते. आणि ते गाडीतही गोठेल एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. सुट्टी संपली की मी चौथीच्या पोरांना विज्ञान शिकवणार होते. हस हवं तर.

पुढचं तू पाहिलंस. मीही पाहिलं. मी आत फुगे तळत नव्हते. ते खोटं लिहिलं होतं. मी दारात उभी होते, तुझ्यापासून दोन हातांवर. बाबांनी चावी दिली, गाडी अर्धी फिरून थांबली. त्यांनी आणखी पिळली, आणि आतून कट्‌ असा आवाज आला. आय मटकन खाली बसली. बाबा म्हणाले, "हिला कोनी हात लावला?" आणि सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं, कारण रूळ तू जोडले होतेस. तू म्हणालास, "मी नाय." बाबांनी तुला सगळ्या आळीसमोर मारलं. तू सोळा वर्षांचा होतास, बाबांच्या खांद्याला लागला होतास. हात धरू शकला असतास, धरला नाहीस. मारून झाल्यावर आय म्हणाली, "माझा एडवर्ड दुसऱ्यांदा मारला ह्याने." तेव्हा तू आत गेलास, ट्रंकेतून आपलं इंजिन काढलंस आणि बाहेर येऊन दगडावर आपटलंस.

मी तोंड उघडलं नाही. आधी भीतीने. मग तू संध्याकाळच्या गाडीने मुंबईला गेलास आणि मला वाटलं, आठवड्यात येईल, तेव्हा सांगू. मग तू लढाईवर गेलास. मग बाबा गेले. दर वर्षी सांगायला जास्त उशीर झालेला असायचा.

यापेक्षा वाईट एक आहे, तेही लिहिते. एकोणपन्नास साली आय शेवटच्या आजारात होती. मला म्हणाली, "डॉमनिकला लिही, आयने तुला माफ केला." मी तिच्या खाटेशी बसून लिहिलं. तिथे सांगता आलं असतं. तिला ऐकू येत होतं, तिला सगळं समजत होतं. मी "आयने तुला माफ केलं आहे" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, तिला वाचून दाखवलं आणि टपालात टाकलं. जे तू केलंच नव्हतंस त्याची माफी. तू मातीला आला नाहीस, तेव्हा लोक म्हणाले पोरगा दगडाच्या काळजाचा. मी तेव्हाही गप्प होते.

याला माफी मागायची मला लाज वाटते. तरी मागते.

मटिल्डा

&nbsp;

गिरीज, रविवार, ९ नोव्हेंबर १९५२

प्रिय डॉमनिक,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर काशीराम स्वतः घरी आला. सायकलला पिशवी अडकवून दोन्ही इंजिनं परत घेऊन आला आणि ओट्यावर मांडून बसला. म्हणाला, "बाई, एक काय ते सांगा. करायचा का नाय करायचा?"

मी त्याला म्हटलं, मला वाटायचं ही गाडी चालू झाली की ते सगळं मिटेल. मोडलेली वस्तू नीट झाली की कोणी मोडली हे विचारायला कारण उरत नाही. म्हणूनच मला ती दुरुस्त करायची घाई झाली होती. आता मला ते नको आहे. त्याला अर्थातच यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, "मंग ठेवा ट्रंकेत."

तो उठला, सायकलपाशी गेला, तेव्हा मी दोन्ही इंजिनांकडे पाहत होते. आणि मला एकदम आपल्याच घराची रीत दिसली. तुझ्या इंजिनातून काढायचं आणि एडवर्डच्या इंजिनात घालायचं. एडवर्ड आजारी होता तेव्हा तुझी गोधडी त्याला, तुझं दूध त्याला. ते ठीक होतं, आजारी होता. तो गेल्यावरही ते थांबलं नाही. तुझा नाताळ त्याला, तुझे रूळ त्याला, शेवटी तुझं घरसुद्धा त्यालाच. आणि मी तुला ऑगस्टमध्ये पत्र लिहून विचारलं काय, तर तुझी कमानही त्याला देऊ का? तू कार्डावर दोनच वाक्यं लिहिलीस, हे तुझे उपकार.

मी काशीरामला हाक मारली. म्हटलं, हिरवं चालू कर. लालची चाकं काढ आणि हिरव्याला लाव.

तो परत आला आणि माझ्याशी भांडायला लागला. "उलटा काम हाय बाई. हिरव्याचा पत्रा चेपलेला. चाकांचा धुरा पन वाकडा. लाल एवढा सुंदर हाय, त्याची चाकं काढली तर त्याच्यात राहते काय?"

"पत्रा राहतो," मी म्हटलं.

"तुमच्या मेलेल्या भावाचा हाय ना तो?"

"मेलेल्याला चाकं लागत नाहीत, काशीराम."

बोलले खरी, आणि आत जाऊन रडले. आयने हे ऐकलं असतं तर मला घरात ठेवलं नसतं. एडवर्ड माझाही भाऊ होता, तो गेला त्या रात्री त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याच्या इंजिनाची चाकं काढायला सांगताना कसं वाटलं ते मला लिहिता येत नाही. पण निर्णय बदलला नाही. काशीराम दोन्ही घेऊन गेला. जमलं तर आगगाडी, नाही तर पत्र्याचा डबा, असं म्हणाला.

बारा डिसेंबरला करवंट्यांत नाचणी पेरणार आहे, गोठ्याच्या शेतासाठी. हिरवी कोवळी पाती नाताळपर्यंत बोटभर येतात. नाताळच्या सकाळी आळीला बोलावणार आणि तुझी गाडी फिरवणार. आणि त्या वेळी मी जे बोलले नाही ते त्याच ओट्यावर, त्याच लोकांसमोर बोलणार. तू यावंस म्हणून हे लिहीत नाही. आधी कळवावं एवढंच. नाव तुझं घेणार आहे, म्हणून.

मटिल्डा

&nbsp;

गिरीज, शुक्रवार, २६ डिसेंबर १९५२

प्रिय डॉमनिक,

काल झालं ते सगळं लिहिते. मला वाटलं तसं ते झालं नाही.

गाडी तेवीसला आली. काशीरामने चेपलेला पत्रा आतून ठोकून बराचसा सरळ केला आहे. थोडा पोचा राहिला आहे, बॉयलरच्या बाजूला, अंगठ्याएवढा. तुझ्या इंजिनाला आता लाल आरे असलेली चाकं आहेत. विचित्र दिसतं. घड्याळाच्या तेलाची बारीक कुपी त्याने वेगळी दिली आणि म्हणाला, "ह्याच्यातला एक थेंब, बाई. आनि खोबरेल तुमच्या डोक्याला."

रूळ मी जोडले. तुला जे काम अर्ध्या तासात जमायचं, त्याला मला अख्खी दुपार लागली आणि एक सांधा तरीही उचललेला राहिला. काल मिस्सा सुटल्यावर पायऱ्यांवर मी सगळ्यांना सांगितलं, आमच्याकडे गोठा आहे, या. आले. फार नाही, चौदा-पंधरा. ग्रेसीमावशी काठी टेकत आली, तिची सून लुईझा, पांडूमामा आणि त्याच्या घरची चार, पलीकडच्या वाडीतली काही. त्या सकाळी होते त्यांतली सहा माणसं मी मोजली.

मी चावी हातात घेतली आणि बोलायला उभी राहिले. मी म्हटलं, पंधरा वर्षांपूर्वी इथे एडवर्डची गाडी मोडली होती. ती माझ्या भावाने, डॉमनिकने, मोडली नव्हती. मी मोडली होती. तेल मी घातलं होतं. बाबांनी त्याला तुम्हा सगळ्यांसमोर मारलं आणि मी इथे दारात उभी राहून पाहिलं. तो निर्दोष होता. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

मी वाट पाहत होते. कोणीतरी मला शिवी देईल, थुंकेल, उठून जाईल. मग ग्रेसीमावशी म्हणाली, "कंची गाडी, बाय?"

मी पुन्हा सांगितलं. नाताळची सकाळ, सदतीस साल, लाल गाडी.

"गाडी फिरायची ते आठवते मला," ती म्हणाली. "मोडली कवा?"

पांडूमामाने डोकं खाजवलं. "तुझ्या बापाने कोनाला मारला? डॉमनिकला? आसल. तेव्हा सगलेच मारायचे पोरांना." आणि मग लुईझाने, जिचं लग्न होऊन आठ वर्षं झाली, सासूला हळूच विचारलं, "डॉमनिक कोन?"

"हिचा भाऊ. गेला तो," ग्रेसीमावशी म्हणाली. "का धाकटा तो? धाकटा कुटं असते गो आता?"

मी म्हटलं, खरगपूरला.

"बरा हाय?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

मग पोरं गाडी गाडी म्हणून ओरडायला लागली आणि मी चावी दिली. तुझं इंजिन चाललं, डॉमनिक. उचललेल्या सांध्यावर दर फेरीला उडालं, पण पडलं नाही. नाचणीच्या शेताला पाच वळसे घालून थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फुगे खाल्ले, आणि पुढच्या घरचा गोठा बघायला गेले. सगळं मिळून वीस मिनिटं झाली नसतील.

ते गेल्यावर मी तिथेच बसले. पंधरा वर्षं मला वाटत होतं की सगळी आळी तुला दोषी धरून बसली आहे आणि माझ्या एका शब्दाने तू सुटशील. तुलाही तेच वाटलं असेल, नाहीतर तू एकदा तरी आला असतास. या लोकांना तोंड कसं दाखवायचं म्हणून तू बाबांच्या आणि आयच्या मातीला आला नाहीस. आणि त्यांच्या लक्षातसुद्धा नव्हतं, डॉमनिक. त्या दिवशी दुपारी जेवून ते विसरले असतील.

तुझी सुटका मला करता आली नाही, कारण तुला कोणी धरून ठेवलेलंच नव्हतं. मीच धरलं होतं. हे मला मारापेक्षा जास्त लागलं. रात्री गोठा काढला नाही, आजही काढलेला नाही.

आता तुला सोळा वर्षांचा असताना जिने पाहिलं आणि जिला तू अजून रोज आठवतोस, अशी या गावात मी एकटीच आहे. तुझ्यावर झालेला अन्याय माहीत असलेली माणसं जगात दोनच, एक तू आणि एक मी. मी गेले की तुला एकट्यालाच तो माहीत राहील, आणि तसं राहणं काय असतं ते मी तुला सांगू शकते.

माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मोठ्याने ओरड. बाबांनी तुला मारलं त्याच ओट्यावर उभा राहून ओरड, आळीला ऐकू जाऊ दे, ते पुन्हा विसरतील. मी ऐकून घेईन. माझ्यावर रागावायला का होईना, एकदा घरी ये.

मटिल्डा